मधली काही वर्षं

“डॉक्टर, पोट लहान केलं की माझा मधुमेह कायमचा जाईल?” मैत्रिणींनी पैज लावून विचारायला लावलेला प्रश्न तिनं एका दमात विचारून टाकला.

“बऱ्याच जणांची साखर वजन उतरायच्या आधीच ताळ्यावर येते, औषधंही सुटतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण काहींची पुढे परत वाढते. तपासणं मात्र सुटत नाही.”

शेजारी बसलेल्या आईचा चेहरा पडला.

“मग एवढी कापाकापी कशाला?” बाबा कुरकुरले.

“पोट माझं कापणार आहेत, बाबा, तुमचं नाही.”

तिला ना आनंद झाला, ना भीती वाटली. सुया टोचून बधिर झालेलं बोट तिनं चोळलं.

“मी ऑपरेशन करून घेणार,” ती दोघांना म्हणाली. “साखर परत आली तर येऊ दे. मधली काही वर्षं तरी तिच्याशिवाय जगीन.”