रविवारचा फोन

"आजोबांबद्दल तूच लिही गं," अनयाची आई, कांचन म्हणाली. "मी आपली त्यांचा डॉक्टर नि औषधं बघायची. दर रविवारी तासभर बोलत होतीस ती तू."

अनया लॅपटॉप उघडून बसली. ह्यू बेअर्ड मंगळवारी वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, वेस्ट विंडसरच्या याच घरात झोपेत गेले होते. शनिवारच्या शोकसभेत कोणीतरी त्यांच्याबद्दल बोलायला हवं होतं. अनयाचे डॅड म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. पण ते सहा वर्षांपूर्वीच गेले आणि तेव्हापासून तिने आजोबांना फोन करायला सुरुवात केली.

तिने भराभर लिहिलं. तेविसाव्या वर्षी स्कॉटलंडहून अमेरिकेत आले. अडतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. नागपूरची सून घरात आली तेव्हा हौसेने 'आजोबा' हा शब्द शिकून घेतला, आणि पुरणपोळीला मार्मलेड लावून खायचा अधर्म शेवटपर्यंत सोडला नाही. इथे तिचा हात थांबला. एवढं तर पोस्टमनलाही माहीत होतं.

खरी गोष्ट सांगायची तर लाज वाटावी अशी होती. रविवारी अकराला, दूर अर्विंगमधल्या आपल्या घरी ती फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवायची, म्यूटचं बटण दाबायची आणि आठवड्याची कामं काढायची. भांडी, कपडे, इस्त्री. आजोबांचे ते जाड स्कॉटिश उच्चार फोनवर निम्मे कळत नसत. सुरुवातीला ती पुन्हा विचारायची, मग कंटाळली. अधूनमधून म्यूट काढून "ओह, रिअली?" म्हणायचं, की झालं. म्हाताऱ्या माणसाला बोलायला मिळतंय, यात कोणाचं काय बिघडतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

एकदा ती गॅरेजमधून कपडे घेऊन आली, तर फोन गप्प. मग आजोबांनी हळूच विचारलं, "अनया? मी पुन्हा सांगू का?"

"नको नको आजोबा, आय गॉट इट," ती घाईघाईने म्हणाली होती.

बेल वाजली. शेजारच्या गिरिजामावशी उपम्याचा डबा घेऊन आल्या होत्या.

"लिहितेयस? लिही, लिही. तुझ्याकडे तर खजिना आहे बाई," त्या खुर्ची ओढत म्हणाल्या. "रविवारी सकाळी मी यायचे, तर काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी तयार! पुढ्यात कागद. तुला काय काय सांगायचं, त्याचे पॉइंट्स. मी म्हटलं, काका, आम्हालाही सांगा की एखादी गोष्ट! तर म्हणाले, ते सगळं अनयाकडे सेफ आहे."

"ते कागद कुठे आहेत, मावशी?"

"फोन झाला की रिसायकलमध्ये. म्हणायचे, सांगून झालं, आता कशाला ठेवायचे?"

अनयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही दुसऱ्याच क्षणी तिच्या मनात आलं, की दोन-चार गोड आठवणी रचून सांगितल्या तर कोणाला कळणार आहे? सगळे डोळे पुसतील, आई कौतुकाने बघेल. हे आपल्याला सुचलं, याची तिला आणखीच लाज वाटली.

तेवढ्यात फ्युनरल होममधून फोन आला. तिने तो स्पीकरवर घेतला.

"मिस बेअर्ड, डेथ सर्टिफिकेटसाठी थोडी माहिती हवी होती," तिकडची बाई म्हणाली. "त्यांच्या आईचं नाव? माहेरच्या आडनावासकट."

आई. मागचा अख्खा हिवाळा आजोबा त्यांच्या आईबद्दल बोलत होते. 'माय मदर, माय मदर' एवढं मिक्सरच्या आवाजातूनही तिच्या कानावर येत होतं.

"सांग ना," कांचन म्हणाली. दोघी निर्धास्तपणे तिच्याकडे बघत होत्या.

"मला माहीत नाही, आई." अनया म्हणाली. "मी ऐकतच नव्हते गं. फोन म्यूटवर असायचा. सिक्स इयर्स."

गिरिजामावशींनी डब्याचं झाकण काढलं होतं, ते त्यांच्या हातातच राहिलं. कांचनने फक्त नजर वळवली, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं, असं अनयाला वाटलं.

"काही हरकत नाही," उत्तर येत नाही हे ओळखून फोनवरची बाई समजुतीने म्हणाली. "बऱ्याच घरांत माहीत नसतं. मी 'अननोन' टाकते. आणि वडिलांचं नाव?"

अनयाने नुसतीच नकारार्थी मान हलवली. मग फोनवर ते दिसत नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला ते आईसमोर तोंडाने सांगावं लागलं.