दोष केबलचा नव्हता

मी काट्याची केबल बोलतेय. हसू नका! माझ्या पोटात तीन तारा आहेत: एक सांगायची, एक ऐकायची, एक अर्थिंगची. सीमाभागातल्या कोळारच्या एका डाळमिलमध्ये वजनकाटा आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये मी सहा वर्षं निरोप पोचवले.

त्या दोघांचं घड्याळ एक नाही. वेग तेवढा आधी ठरवलेला, दोघी बायका एका उखळात मुसळ घालतात तसा. काटा गप्प असला की माझ्यातली वीज एका पातळीला शांत असते. बोलायचं झालं की तो आधी एक हिसका देतो, म्हणजे ‘ऐक रे बाबा’. मग आठ ठोके, प्रत्येक ठोका ‘आहे’ किंवा ‘नाही’. शेवटी थोडा विसावा. एवढ्यात एक अंक पोचतो. कॉम्प्युटर त्या हिसक्यापासून आपल्या वेगानं मोजत एकेक ठोका ओळखतो.

काट्यावर धनलक्ष्मी असायची. तिकडच्याच मेहकर गावाहून रोज बसनं यायची. पोतं ठेवायची, बटण दाबायची, पडद्यावर आकडा आला की चिठ्ठी चिकटवायची.

एका सोमवारी लाईट गेली. परत आली तेव्हा काट्याची सेटिंग पुसली गेली होती आणि तो निम्म्या वेगानं बोलायला लागला. मला कळत होतं, पण सांगणार कुणाला? काट्यावर पन्नास किलो, आणि कॉम्प्युटरवर नुसत्या किड्यामुंग्यांसारख्या खुणा!

सुपरवायझर अमरनाथ तापला. “काय बटणं दाबलीस गं? दुपारपर्यंत नीट झालं न्हाई तर उद्यापासून येऊ नको.”

“मी कामून दाबू, साहेब? घरात कमावणारी मी एकटीच हाय.” मला फार वाईट वाटलं.

दुरुस्तीवाला रविकुमार आला आणि आल्या आल्या मलाच उपटून भंगाराच्या डब्यात टाकलं. “केबल गेली.” चोर सोडून संन्याशाला फाशी! नवी केबल लावली, तरी पडद्यावर किड्यामुंग्याच.

धनलक्ष्मी पुढं झाली. “अण्णा, काट्यावर आकडा बराबर दिसायलाय. लाईट जायच्या आधी समदं नीट होतं. काट्याचंच काही बदललंय का, बघा की.”

रविकुमारनं सेटिंग उघडली. “व्हय की अक्का! काटा सेकंदाला अठ्ठेचाळीसशे ठोक्यांवर, कॉम्प्युटर शहाण्णवशेवर. ह्याचा एक ठोका होईस्तोवर तो दोन मोजायलाय!” त्यानं वेग जुळवला. पडद्यावर पन्नास उमटले.

“साहेब, उद्या येऊ ना?” धनलक्ष्मीनं विचारलं.

“ये की. कामून इचारायलीस?” अमरनाथ म्हणाला. सकाळचं बोलणं तो विसरूनही गेला होता.

तिनं भंगाराच्या डब्यातून मला उचललं. “अण्णा, हिचा काही गुन्हा न्हवता. लावा की परत.”

“ऱ्हाऊ दे आता, नवी लावलीय.”

म्हणून मी अजून त्या डब्यातच आहे, तारा शाबूत असून. माझं जाऊ द्या. पण बाबांनो, आकडा चुकला की आधी बघा, दोन्हीकडचा वेग एक आहे का. मला काढलंत, तर दुकानात दुसरी केबल मिळते. धनलक्ष्मीला काढलं असतंत, तर तिच्या घरी दुसरं कमावणारं कोण होतं?