पहिल्या रांगेतली भिमाबाई

स्टेजवर अश्विनचा तिसरा विनोदही पडला. विनोद तसा बरा होता. पण माणसांनी हसण्याआधी पहिल्या रांगेकडे पाहिलं, तिथे बसलेली भिमाबाई दिसली आणि ओठांवर आलेलं हसू त्यांनी गिळून टाकलं.

चूक हर्षालीताईंची. बाईंचं मन मोठं, पण कार्यक्रम आखण्याची अक्कल बेताची. गटारात गुदमरून मेलेल्या सफाई कामगारांच्या हक्कांसाठी त्यांची संस्था कोर्टात भांडत होती. त्या लढाईला निधी हवा म्हणून नाशिकरोडला ही विनोदाची आणि गाण्यांची संध्याकाळ ठेवली होती, पुढे आणखी काही गावांतही असेच शो ठरले होते. जिच्या नवऱ्याची केस, तिला मान द्यायचा म्हणून भिमाबाईला ऐन मधोमध बसवलं आणि समोर स्टेजवर चंदरचा, तिच्या नवऱ्याचा, हार घातलेला फोटो ठेवला. आता अशा बाईसमोर खो खो हसायची छाती कोणाची होणार?

भिमाबाईला हे नवीन नव्हतं. चंदर गेल्याला दोन वर्षं झाली. एकलहऱ्याच्या एका खाणावळीत ती पोळ्या लाटायची. ती आत शिरली की बायकांच्या रंगलेल्या गप्पा थांबायच्या, चेहरे लांब व्हायचे. सगळ्या भल्या बायका, पण त्यांच्या भलेपणानं तिला जीव नकोसा केला होता. घरात पूर्वी हसण्याशिवाय दिवस जात नसे. फोटोतलं ते सुतकी तोंड चंदरनं जन्मात कधी केलं नव्हतं.

मध्ये गाणी झाली, ढोलकी वाजली, माणसं जरा सैल झाली. अश्विन पुन्हा उभा राहिला आणि त्याचे विनोद पुन्हा पडले. दोन कुटुंबं उठून गेली. मध्यंतरात तो विंगेत घाम पुसत हर्षालीताईंना म्हणाला, "मॅडम, मला नाही जमणार. त्या भिमाबाईंकडे बघितलं की माझीच जीभ अडखळते. पुढचे शो रद्द करा."

भिमाबाई पाणी प्यायला तिथेच आली होती. शो रद्द झाले की केस रखडणार, एवढं तिला कळत होतं.

"ताई, मला दोन मिन्टं माईक द्या."

हर्षालीताई कळवळल्या. "अहो, काही बोलायची गरज नाही. त्रास होईल तुम्हाला."

"तरास आत्ता होऊ राहिला. लोक मला घाबरू राहिले. मी काय भूत हाय का?"

मध्यंतर संपताच स्टेजवर जाऊन तिनं आधी फोटोवरचा हार काढून बाजूला ठेवला.

"हा माझा मालक. मूळचा मनमाडचा. टेसनवरच्या बाईचा आवाज लय भारी काढायचा. घरात सरळ कधी बोललाच नाय." तिनं नाक चिमटीत धरलं. "कृपया लक्ष द्या. भिमाबाईंची वांग्याची भाजी आपल्या नियोजित वेळेपेक्षा दोन तास उशिराने धावत आहे. प्रवाशांना होणाऱ्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि दचकून थांबलं. भिमाबाई त्याच्याकडे बघून हसली.

"सासू यायची तवा... मनमाडहून येणाऱ्या आई फलाट क्रमांक एकवर येत आहेत. भिमाबाईंनी कृपया रुळांपासून दूर राहावे."

आता सभागृह फुटलं. पोट धरधरून माणसं हसली, हर्षालीताईसुद्धा.

"आन् कामावर ठेकेदाराला म्हणायचा... कृपया लक्ष द्या. हातमोजे, मास्क आणि ऑक्सिजनची नळी आठ महिने उशिराने धावत आहेत."

लोक हसतच होते.

"ठेकेदारबी असाच हसायचा," भिमाबाईनं नाक सोडलं. "पर ती गाडी आलीच नाय."

चेहरे पुन्हा लांब झाले. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली.

"आता पुन्हा तोंडं पाडू नका. त्याला माणसं हसलेली आवडायची. तिकीट काढून आले ना? मग हसा."

टाळ्या थांबेपर्यंत ती आपल्या जागेवर येऊन बसली होती. अश्विननं पुन्हा सुरुवात केली. विनोद मोबाइलबद्दल काहीतरी होता, तिला धड कळलाही नाही. सभागृह मात्र खदखदून हसलं आणि हसण्याआधी कोणी पहिल्या रांगेकडे पाहिलं नाही. भिमाबाईही हसली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. तिचं ते डोळे पुसणं दोन वर्षांत पहिल्यांदाच कोणाच्या नजरेत आलं नाही.