ओराथाईच्या चिकातली भोकं

माझी जीभ कात्रीसारखी चालते, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. परवा त्याच जिभेने माती खाल्ली.

दक्षिण थायलंडमधल्या आमच्या गावच्या रबर सहकारी संस्थेची मी अध्यक्ष. हातमोजे बनवणारी एक कंपनी दलालांना वगळून आमच्या रबराच्या झाडांचा चीक थेट घ्यायला तयार झाली होती. अट एकच. हातयाय शहरातल्या विद्यापीठात सुकलेल्या चिकाची पातळ फिल्म, म्हणजे पापुद्रा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, आणि ती सलग, एकही भोक नसलेली निघाली पाहिजे. नमुना आमची सभासद ओराथाई हिचाच न्यायचा, हे मी क्षणात ठरवलं. चीक गोळा करायला झाडाला बांधलेली वाटी रोज खरवडून, धुऊन, मगच सालीला सुरी लावणारी बाई ती. मी म्हटलं, "तूही चल गं. तुझा चीक टीव्हीवर दिसणार." ती ठेवणीतला सारोंग नेसून आली, आणि यंत्र चालवणाऱ्या साहेबांना द्यायला सतोच्या, आमच्याकडच्या उग्र वासाच्या भाजीच्या, शेंगांची जुडीही घेतली.

यंत्रावर कोमसन नावाचा टकलू, भलता बोलघेवडा माणूस होता. कंपनीचे आनुसोर्नसाहेब आमच्या शेजारी बसले. पडद्यावर आधी चिकाचे कण आले, साबुदाणा सांडावा तसे गोल गोल, लहानमोठे.

"अगंबाई, हे माझ्या झाडातलं?" ओराथाई हरखली.

मग फिल्म आली. कण सुकताना एकमेकांत मिसळलेले, सगळं कसं सपाट. कोमसनने त्यातली एक जागा खूप मोठी करून दाखवली आणि आनुसोर्नसाहेबांना हातवारे करत समजावत बसला. बोलता बोलता पडद्यावर काळे ठिपके उमटले. बघता बघता त्यांची भोकं झाली.

"हे काय?" आनुसोर्नसाहेब म्हणाले. "अशा मोज्यातून डॉक्टरच्या बोटाला रक्त लागेल."

गेलं की सगळं! मी तोंड उघडलं.

"साहेब, अख्ख्या गावाचा चीक असा नाही हो. हा हिच्या एकटीचा. हिच्या वाट्या घाण असतात, कालचा सुकलेला चीक तसाच ठेवते. किती वेळा बोलले मी हिला!"

ओराथाईने माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांना हात जोडून वाकली. "चुकले, साहेब."

तेवढ्यात कोमसनने कपाळावर हात मारला. "अहो, थांबा! चूक माझी आहे. बोलण्याच्या नादात यंत्राचा इलेक्ट्रॉनचा झोत एकाच जागी ठेवला मी. रबर नाजूक, झोताने जळतं. विद्यार्थ्यांना रोज बजावतो आणि आज स्वतःच गाढवपणा केला!"

त्याचे कान लाल झाले होते. त्याने शेजारची जागा दाखवली, अगदी सलग. साहेबांना पटेना, म्हणून कंपनीच्याच मोज्याचा तुकडा आत घातला आणि झोत मुद्दाम एका जागी रोखला. त्यालाही भोकं पडली. साहेब हसले. "ठरलं तर मग. चीक घेऊ तुमचा."

निघताना ते ओराथाईला म्हणाले, "बाई, वाट्या मात्र धुवत जा हं."

कोमसनने स्वतःची चूक चारचौघांत कबूल केली होती. मला फक्त "नाही हो साहेब, हिच्या वाट्या स्वच्छच असतात" एवढंच म्हणायचं होतं. तेवढंही मी बोलले नाही. मान खाली घालून गाडीची किल्ली शोधत राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला.

परतीच्या वाटेवर ओराथाई हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही किती वेळा बोललात मला? आठवतच नाही बघा. वाईट वाटेल म्हणून आडून सांगत होतात का?"

गाडी चालवण्याचं निमित्त होतं, ते मी पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे गेले. तिने सगळ्या झाडांच्या वाट्या काढून आणल्या होत्या आणि राखेने घासत बसली होती. सगळ्या लख्ख.

"धुतलेल्याच आहेत गं त्या."

"नीट बघा ना ताई. कुठे राहिलंय?"

"कुठे काही नाही. मी खोटं बोलले, ओराथाई. घाबरले आणि तुला पुढे ढकललं."

तिचा हात थांबला. "पण साहेबांना ते कुठे माहीत आहे?" आणि ती पुन्हा घासायला लागली.

मी तिच्या शेजारीच ओल्या जमिनीवर बसले आणि आनुसोर्नसाहेबांना फोन लावला. पलीकडून "बोला, अध्यक्षबाई" असं मोठ्या आदराने आलं. मी म्हटलं, "साहेब, ओराथाईच्या वाट्या घाण नसतात. मी खोटं बोलले."

ओराथाईने हातातली वाटी खाली ठेवली आणि ऐकत राहिली.