चिंचेवरचे बगळे

भाताने भरलेली गाडी नेरळच्या ठेसनाकडे नेताना नाल्यात उलटली, तेव्हापासून पोशीरच्या आबाजीचं कमरेखालचं अंग लुळं पडलं होतं. जयवंताने, त्याच्या बायकोने, खाट मागच्या दारात लावून दिली. घरात मूलबाळ नव्हतं. समोरचं परस हीच त्याची दिवसभराची सोबत. केळीत भारद्वाज घुमायचा, कुंपणाच्या गडग्यात घोरपड राहायची, अळवाखालून मुंगूस सुळकन निघून जायचं आणि विहिरीजवळच्या जुन्या चिंचेवर दर पावसाळ्यात बगळे घरटी बांधायचे. कोणत्या घरट्यात पिल्लं निघाली, कोणतं रिकामं राहिलं, सारं आबाजीला ठाऊक.

श्रावणातल्या त्या सकाळी डोंगरावरून असा वारा सुटला की केळीच्या पानांच्या चिंध्या झाल्या. पाऊस आडवा मारत होता. चिंच गदागदा हलत होती आणि पिल्लं टपाटप चिखलात पडत होती.

"जयवंते, बघ गं! पडली बघ सगळी!"

जयवंता चुलीपासून धावत आली. तेवढ्यात अळवातून मुंगूस निघालं आणि एका पिल्लाची मान धरून पसार झालं. थोड्या वेळाने पुन्हा आलं. एरवी त्याला नुसतं पाहिलं तरी आबाजी खूश व्हायचा. आज "हाट्! हाट्!" करत त्याने उशाचा तांब्या भिरकावला. तो पायरीवरच आपटला.

जयवंताने टोपली उचलली.

"नको जाऊस. झाड करकरतंय."

"तुमी नुसतं बघत बसणार, ते मला बघवत नाय," म्हणत ती बाहेर पडलीसुद्धा.

डोक्यावर पदर घेऊन ती चिंचेखाली वाकली होती. बुंध्यातून कडाड आवाज आला.

"मागं फिर गं! जयवंते!"

वाऱ्यात तिला ऐकू गेलं नाही. आबाजीने कोपरांवर जोर देऊन स्वतःला खाटेवरून खाली लोटलं आणि पाय ओढत उंबऱ्यापर्यंत सरपटला. पुढे पायऱ्या होत्या. तिथून त्याला काही करता येईना. त्याच्या डोळ्यांदेखत चिंच मुळांसकट आडवी झाली. फांद्या आणि पाणी, बाकी काही दिसेना. तो बायकोला हाका मारत राहिला, शेजारच्या सहदेवला हाका मारत राहिला. घसा बसला तरी ओ आली नाही.

बऱ्याच वेळाने घराला वळसा घालून, टोपली काखेत धरून जयवंता आली. कपाळातून रक्त वाहत होतं.

"फांदीनं ढकललं मला. विहिरीचा काठ धरून ऱ्हायले. अवं, पण तुमी खाली कसं?"

तिचा हात धरून आबाजी लहान मुलासारखा रडला. तिने त्याला उचलून पाहिलं, पण तिच्याने तो हलला नाही. शेवटी दोघं तिथेच भिजत बसली. टोपलीत दोन पिल्लं जिवंत होती. तिने भाताची शितं त्यांच्या चोचीत घातली, ती बाहेर आली.

"मासोळी लागती त्यांना," आबाजी म्हणाला. नदीला पूर आलेला, मासोळी कुठून आणणार?

चिंच होती तिथे वर आभाळात बगळे घिरट्या घालत होते. वारा त्यांना दूर फेकायचा, ते पुन्हा यायचे.

तिसऱ्या प्रहरी पाऊस ओसरल्यावर सहदेव आला. त्याने आबाजीला खाटेवर निजवलं, परसात नजर टाकली.

"आबा, वर्साचं जळण झालं रं तुझं."

एक पिल्लू केव्हाच गार पडलं होतं. दुसरं जयवंताच्या पदरात अजून चोच उघडत होतं, मिटत होतं. ती आबाजीकडे बघत होती आणि तो तिच्याकडे.