डाव्या बाजूचं गाणं

जळगावच्या दाणाबाजारात इंदरचंद शेठच्या वजनकाट्याला कुणी नावं ठेवत नाही, आणि घरात त्यांच्या झोपाळ्यावर सकाळी सातला कुणी बसत नाही. ती अर्ध्या तासाची जागा शेठची आणि त्यांच्या बायकोची, प्रेमकुंवरची. मधे खिशात मावेल एवढा म्युझिक प्लेअर. त्याच्या इअरफोनची वायर दोघांत वाटलेली: एक बोंड शेठच्या डाव्या कानात, दुसरं तिच्या उजव्या. गाणी मारवाडातली, लग्नातली, वाळूसारखी मऊ. मोबाईल शेठना नको, गाण्याच्या मधेच कुणीतरी तुरीचा दर विचारतो.

तीन आठवड्यांपासून झोपाळा रिकामा होता. धुळ्याला देवपुरात राहून इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी नात पलक सुट्टीला आली, तेव्हा तिला ते रिकामपण दारातच टोचलं. लहानपणापासून ती त्या दोघांच्या गुणगुणण्याने जागी व्हायची. घरातली बाकी भांडणं तिला चालत. हे नको होतं.

"डावं बोंड मेलंय. तुझ्या दादीने जड बाजू घेतली, मला पातळ दिली," दादाजी म्हणाले.

"पातळ म्हणून हे आवाज चढवतात आणि माझं डोकं उठतं," दादी म्हणाली. "बसा म्हणावं एकटे."

पलक प्लेअर धुळ्याला घेऊन गेली. कॉलेजच्या लॅबमध्ये इअरफोनच्या जागी दोन्ही बाजूंना बत्तीस ओहमचे रेझिस्टर जोडले, आवाज पूर्ण चढवला, एकसुरी शिट्टी वाजवली आणि व्होल्टेज मोजून ताकद काढली. डावीकडे सतरा मिलिवॅट, उजवीकडे सतरा. मग आवाज नसलेली फाईल लावून मागची खरखर पाहिली. दोन्हीकडे सारखी, मुंगीच्या पावलाएवढी.

शनिवारी जळगावला परतून तिने आकड्यांचा कागद दादाजींपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून, उलटून, उजेडात धरून तो पाहिला.

"मोजलं कुणी?"

"मी."

"तुझ्या काट्यावर सरकारी शिक्का आहे?"

"दादाजी, दोन्हीकडे सतरा आलंय."

"मग वायर खोटी."

पलकने नवे इअरफोन आणले. डावीकडे पुन्हा पातळ. दादाजींनी दुकानदाराला नावं ठेवली, मालाला नावं ठेवली, तेवढ्यात मटार सोलणारी दादी मान वर न करता म्हणाली, "काट्यात खोट वाटली तर बाजारात काय करता तुम्ही?"

"पारड्यांतला माल बदलून पाहतो. डावीकडचा उजवीकडे."

"मग बघा की."

त्यांनी बोंडं बदलली. ऐकलं. परत बदलली, परत ऐकलं. बोंड कोणतंही असो, उजवीकडे गाणं भरलेलं आणि डावीकडे विहिरीच्या तळातून आल्यासारखं. दादाजींनी वायर हळूच गुंडाळली.

स्वयंपाकघरातून स्वयंपाकाला येणारी शेवंताबाई डोकावली. कणीक मळता मळता तिने सगळं ऐकलं होतं. "बठ्ठा घरले ऐकू येस, शेठलेच येत नही," ती म्हणाली आणि पदराआड हसली.

"सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे जाऊ," पलक म्हणाली.

"बाजारात कळलं तर?"

"बाजारात तुम्हाला ऐकावं कुठे लागतं? तिथे तुम्हीच बोलता," दादी म्हणाली. पण मटाराची शेंग तिच्या हातात तशीच राहिली. गेली दोन वर्षं ती झोपाळ्यावर, डावीकडून, हळू आवाजात काही बोलायची आणि हा माणूस समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. तिने तो त्याचा अबोला समजून आपलाही अबोला थोडा थोडा जमवला होता. पलकला तिच्या चेहऱ्यावर तो हिशेब उलटा फिरताना दिसला.

दादाजी उठले आणि झोपाळ्याच्या डाव्या टोकाला जाऊन बसले.

"ती जागा माझी," दादी म्हणाली. "लग्नात गुरुजींनी डावीकडे बसवलंय मला."

"गुरुजींनी माझा कान तपासला नव्हता. ये."

ती आली, जरा अंग चोरून, नव्या नवरीसारखी उजवीकडे टेकली. पलकने प्लेअर लावला आणि आवाज निम्म्यावर आणला. दादाजींनी तक्रार केली नाही.

दोन झोके झाले. मग त्यांनी विचारलं, "दोन वर्षांत डावीकडून काय काय बोललीस?"

"सांगते," दादी म्हणाली. "आज दुकानाला सुट्टी आहे असं समजा."