भोंगा आणि नोहाचं पाणी

मी एक जुना भोंगा आहे. बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्याच्या छपरावर माझा सगळा जन्म गेला. तांबड्या रंगाचं पत्र्याचं तोंड, आत एक मोटर, एवढाच माझा देह.

मित्रांनो, वायू गळला तर ओरडायचं, हे माझं काम. मी नीट वाजतो का, हे बघायला दर बुधवारी अकरा वाजता माझी चाचणी व्हायची. सुरुवातीला लोक दचकायचे. पुढे भिंतीपलीकडच्या चाळीतल्या बायका माझ्या आवाजावर कुकर लावू लागल्या. "भोंगा झाला गं, तांदूळ धू!" मला तेव्हा तो मान वाटला.

मला वाजवायचे एझ्राकाका एडवणकर. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणात पिढ्यानपिढ्या राहिलेले मराठी ज्यू. त्यांच्या धर्मग्रंथाचा दर आठवड्याला एक ठरलेला भाग वाचतात, त्याला ते पराशा म्हणत. महापूर आला आणि नोहाने तारू बांधून घरची माणसं वाचवली, ती पराशा पावसाळा सरला की येते. डबा खाताना काका ती धर्मेशला सांगत. धर्मेश त्यांचा कामावरचा जोडीदार, भारी थट्टेखोर.

"तारू बांधायला एकशेवीस वर्षं लागली. का, ठाऊक हाय?"

"स्टोअरमधून खिळे आले नसतील, काका. आपल्यासारखंच!"

"नाय रे. आमचे जुने भाष्यकार सांगतात, देवाने मुद्दाम वेळ दिला. लोकांनी येऊन विचारावं, बाबा, हे काय करतोस? मग तो सांगेल, पूर येतोय, सुधारा."

"विचारलं कुणी?"

"विचारलं. हसले. मग त्या ठोकाठोकीची सवय झाली."

माझ्याबद्दल विचारणारी एकच निघाली, हेमांगी. चाळीत नवी आलेली, कडेवर तान्ही लेक जागृती. एकदा फाटकाशी येऊन म्हणाली, "काका, खरा भोंगा ओळखायचा कसा?"

"चाचणीचा एकच लांब सूर. खरा वर-खाली, वर-खाली. तेव्हा ओलं फडकं तोंडाला लावायचं नि वाऱ्याला आडवं पळायचं."

तेव्हापासून ती दोरीवरच्या कपड्यांवरून वारा बघायची. शेजारच्या रंभाबाई, ती पाण्याला गेली की जागृतीला सांभाळणाऱ्या, हसायच्या. "अगो पोरी, एवढी घाबरलीस तर दूद आटेल तुजं!"

आणि एका बुधवारी, नेमका अकराच्या सुमारास, खरंच वायू गळला. काकांनी बटण दाबलं. मी वर-खाली, वर-खाली, घसा फुटेस्तोवर ओरडलो. खाली कुकर चढले. हेमांगी तेवढी थबकली. तिने जागृतीला उचललं, ओढणी भिजवली आणि पळाली. शेजारचं दार उघडंच होतं. रंभाबाई पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडत होत्या. हेमांगी त्या दारावरून गेली, थांबली नाही. मला वरून सगळं दिसत होतं.

रंभाबाई वाचल्या नाहीत.

बऱ्याच दिवसांनी हेमांगी पुन्हा फाटकाशी आली. धर्मेशकडून तिने नोहाची ती गोष्ट ऐकली असावी. "काका, नोहा शेजाऱ्यांच्या दारी गेला होता का हो?"

उत्तर काकांना पाठ होतं. भाष्यकार नोहाला बोल लावतात. जे विचारायला आले त्यांना त्याने सांगितलं, पण कुणासाठी देवापुढे हात जोडले नाहीत. आपली माणसं घेतली, दार लागलं. म्हणून तर त्या पुराला 'नोहाचं पाणी' म्हणतात.

"त्याला वेळ मिळाला नाय गो, पोरी," काका म्हणाले.

एकशेवीस वर्षं मिळाली होती. हेमांगीने मान हलवली, जागृतीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि निघून गेली. तिला ते पटलं नव्हतं.

मित्रांनो, माझा वर-खाली सूर ऐकलात तर जरूर पळा. पण पळताना शेजारच्या दारावर एक थाप मारा. मूल कडेवर असलं तरी एक हात मोकळा असतो. हे तुम्हाला सांगावं असं फार वाटतं. पण बुधवारी मला एकच लांब सूर काढायचा असतो, आणि त्यात एवढं सगळं मावत नाही.